होथच्या कड्यावरच्या चार वाटा: रंग घरी ठरवा, फाट्यावर बाण वाचा

आयर्लंडमध्ये डब्लिनजवळ होथच्या कड्यावर फिरायच्या चार वाटा आहेत, आणि प्रत्येकीचा एक रंग: हिरवा, निळा, लाल, जांभळा. वाटेवरच्या खांबांवर त्या रंगाचे बाण असतात. डब्लिनमध्ये राहणाऱ्या ओळखीच्यांकडून होथबद्दल दोन तक्रारी मी पुन्हा पुन्हा ऐकते. पहिली: "जांभळा लूप करायला गेलो होतो, पण दीड तासात एका पार्किंगमध्ये पोहोचलो आणि तिथून बसनं घरी आलो." दुसरी नेमकी उलटी: "सोपा म्हणून हिरवा धरला होता, पण चालतोय चालतोय, वाट संपतच नाही. शेवटी अंधार पडला." दोघांचीही चूक एकाच खांबापाशी झालेली असते. बेली दीपगृह दिसायला लागतं त्या वळणावर चारपैकी तीन रंग एकीकडे जातात आणि चौथा दुसरीकडे. तोवर सगळे रंग एकाच वाटेनं आलेले असतात, त्यामुळे खांबावरचा बाण वाचायची सवयच सुटलेली असते.

म्हणून हा लेख. होथ हे डब्लिनच्या ईशान्येला समुद्रात शिरलेलं द्वीपकल्प, सटनजवळच्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्यानं मुख्य भूमीला जोडलेलं. (इंग्रजी स्पेलिंग पाहून आपण 'हाउथ' म्हणतो, पण वाट विचारताना 'होथ' म्हणा, लगेच कळतं.) इथल्या चारही वाटा लूप आहेत, म्हणजे जिथून निघालात तिथेच परत येता: होथच्या डार्ट (डब्लिनची लोकल गाडी) स्टेशनवर.

## निघण्याआधी: रंग घरीच ठरवा

स्टेशनवर उतरून फलकासमोर चर्चा सुरू केली की गटातला सगळ्यात उत्साही माणूस जिंकतो. पाय सगळ्यात कमकुवत असलेल्या माणसाचं कोणी ऐकत नाही. म्हणून आदल्या दिवशीच ठरवा.

हिरवा, क्लिफ पाथ लूप: सुमारे ६ किलोमीटर. कड्यावरून जायचं, समिटच्या (होथच्या चढावरची एक जागा, नाव 'समिट' असलं तरी सर्वोच्च बिंदू नव्हे) पार्किंगपर्यंत चढायचं आणि परत.

निळा, ट्रॅमलाइन लूप: सुमारे ७ किलोमीटर. जाताना तोच कडा, परतताना १९५९ मध्ये बंद झालेल्या ट्रॅमचा जुना मार्ग.

लाल, ब्लॅक लिन लूप: सुमारे ८ किलोमीटर. समिटवरून आणखी वर, द्वीपकल्पाच्या सर्वोच्च बिंदूपर्यंत.

जांभळा, बॉग ऑफ फ्रॉग्ज लूप: सुमारे १२ किलोमीटर, एकूण चढ साधारण २४० मीटर. द्वीपकल्पाला बाहेरून जवळजवळ पूर्ण वळसा.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. हिरवा म्हणजे 'सोपा' असं लोक धरून चालतात. हिरवा लहान आहे, सौम्य नाही. सगळ्यात अरुंद आणि समुद्राच्या सगळ्यात जवळचा कड्याचा भाग चारही रंगांना सारखाच आहे. ज्याला उंचीची भीती वाटते किंवा ज्याचा गुडघा खडकाळ पायऱ्यांवर साथ देत नाही, त्याला हिरव्यावरही तितकाच त्रास होतो. बाबागाडी तर अजिबात चालत नाही. एका कुटुंबाला मी कड्यावर बाबागाडी दोघांत मिळून उचलून नेताना पाहिलंय. उचलणाऱ्या दोघांनाही आपलं पाऊल कुठे पडतंय ते दिसत नव्हतं.

सुट्टीला आई-वडील आले असतील आणि त्यांना कडा दाखवायचा असेल, तर लूपचा हट्ट सोडा. शहरातून एच-३ बस थेट होथ समिटला जाते. थांब्यापासून थोडं चाललं की बेली दीपगृह आणि डब्लिनचा उपसागर समोर उभे राहतात. कड्यावरच्या वाटेनं जे दिसतं त्यातलं सर्वोत्तम इथेच दिसतं. नाहीतर त्यांना बंदराच्या सपाट धक्क्यावर फिरवा. तिथल्या पाण्यात सील अनेकदा दिसतात, फक्त त्यांना काही खायला घालू नका.

तपासा: गटातल्या प्रत्येकाला आजचा रंग माहीत आहे का? लहान मुलांनाही सांगा. 'पुढचा जांभळा बाण कोण आधी शोधतो' या एका खेळानं माझ्या अर्ध्या चुका वाचल्या आहेत, कारण मुलं बाण चुकवत नाहीत.

## दिवस निवडताना: आधी वारा, मग पाऊस, मग उजेड

बहुतेक जण हवामानात फक्त पाऊस बघतात. इथे पावसापेक्षा वारा महत्त्वाचा. भिजलात तर फार तर थंडी वाजेल, पण अरुंद वाटेवर वाऱ्याचा झोत अंगावर आला तर पाऊल सरकतं. मेट एरन या आयरिश हवामान खात्याचे इशारे पिवळा, नारिंगी आणि लाल अशा तीन पातळ्यांचे असतात. वाऱ्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर कडा रद्द, त्यावर चर्चा नको. पिवळा असेल तर मी स्वतः जात नाही, मुलं बरोबर असतील तर नाहीच नाही.

वाऱ्याची दिशाही बघा. आयर्लंडमध्ये वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो. अशा दिवशी कड्याच्या पूर्वेच्या बाजूला डोंगराचा आडोसा मिळतो आणि 'काहीच वारा नाही' असं वाटतं. बेलीचा कोपरा वळून दक्षिणेच्या बाजूला आलात की तोच वारा तोंडावर येतो. जांभळ्यावर निघालेल्यांनी जाकीट पिशवीच्या तळाशी टाकू नये ते यासाठी. वारा पूर्वेचा असेल तर हिशेब उलटा: पहिल्या तासातच सगळा मारा सोसावा लागतो.

उजेडाचं गणित आपल्या लोकांकडून सगळ्यात जास्त चुकतं. जूनच्या शेवटी इथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, तर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी चार वाजून गेले की लगेच. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, आणि आदल्या आठवड्यात जमलेली संध्याकाळची फेरी त्या आठवड्यात अंधारात अडकते. सूर्यास्ताची वेळ बघून मगच गाडीची वेळ ठरवा.

## पाठीवर काय, अंगावर काय

बूट: तळाला खाच असलेले. डोंगरी बूटच हवेत असं नाही, पण गुळगुळीत तळाचे पांढरे शूज घरी ठेवा. वाटेवर मातीत रुतलेले दगड आहेत आणि ओले झाले की ते निसरडे होतात.

पँट: पूर्ण लांबीची, पण जीन्स नको. भिजलेली जीन्स दिवसभर वाळत नाही. अर्धी चड्डी नको म्हणण्याची दोन कारणं. एक गॉर्स, म्हणजे पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं. दोन्ही बाजूंनी वाटेवर झुकलेल्या या झुडपांनी पोटऱ्या ओरबाडल्या जातात. दुसरं कारण गोचीड, त्याबद्दल शेवटी सांगते.

बाकी यादी लहान आहे. वारा आणि पाऊस अडवणारं जाकीट, माणशी एक लीटर पाणी, खाऊ, पूर्ण चार्ज केलेला फोन आणि त्यात आधीच उतरवून घेतलेला नकाशा. ऑक्टोबर ते मार्च एक छोटी विजेरी. फोनचा टॉर्च पुरतो असं वाटतं, पण मदत मागायची वेळ आली तेव्हा फोनची बॅटरी त्याच टॉर्चनं संपवलेली असते. छत्री मात्र घेऊ नका. कड्यावर छत्री उघडली की वारा माणसाला समुद्राकडे ओढतो.

## टप्पा १: स्टेशन आणि फलक

डार्टची उत्तरेकडे जाणारी लाइन होथ जंक्शनला दुभंगते. एक फाटा होथला जातो, दुसरा मालाहाइडकडे. गाडीच्या कपाळावर होथ लिहिलंय का ते बघूनच चढा. काही वेळा होथ जंक्शनला गाडी बदलावी लागते, तेव्हा तिथली घोषणा नीट ऐका. लीप कार्ड (बस-गाडीच्या भाड्याचं कार्ड) चढताना आणि उतरल्यावर दोन्ही वेळा टॅप करायचं. उतरताना विसरलात तर जास्त भाडं कापलं जातं.

स्वतःच्या मोटारीनं यायचा मोह आवरा, विशेषतः सुट्टीच्या दिवशी. कड्याजवळच्या पार्किंगमध्ये जागा थोडी, रस्ते अरुंद, आणि रस्त्यात कशीही लावलेली एक गाडी रुग्णवाहिकेची वाट अडवते.

स्टेशनजवळच्या नकाशाच्या फलकाचा सरळ समोरून एक फोटो काढा. इंटरनेट गेलं तरी तो राहतो. मग स्टेशनातून बाहेर पडून डावीकडे वळा. लूपची दिशा घड्याळाच्या काट्याप्रमाणे आहे आणि बाण त्याच दिशेनं येणाऱ्या माणसासाठी लावलेले आहेत. 'आधी डोंगर उरकू, शेवटी समुद्र बघू' म्हणून उलटं निघालेल्यांना वळणावळणावर मागे वळून खांब बघावे लागतात, आणि कड्याच्या अरुंद भागात समोरून येणाऱ्या प्रत्येकासाठी थांबावं लागतं.

स्वच्छतागृह, पाणी, खाऊ हे सगळं गावातच उरका. कड्यावर यातलं काही नाही.

## टप्पा २: बंदर ते किलरॉक

अंतर साधारण २ किलोमीटर, वेळ अर्धा तास. बंदर डाव्या हाताला ठेवून शेवटपर्यंत जायचं, मग बॅल्स्कॅडन रोडनं चढायचं. पहिल्यांदा येणारे इथे फार रेंगाळतात. बंदरावर एक तास, खाण्यात एक तास, आणि मग कड्यावर घाई. बंदर परतीच्या वाटेवरही आहे, त्याला शेवटी भेटा. इथे उघड्यावर खाताना सीगलकडे लक्ष असू द्या. ते मागून येऊन हातातला घास उचलतात, आणि लहान मुलं फार घाबरतात.

बॅल्स्कॅडन रोडवर पदपथ नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील असं चाला. आयर्लंडमध्ये पादचाऱ्यांसाठी नियमच तसा आहे.

रस्ता संपतो तिथे किलरॉकचं छोटं पार्किंग आहे. पुढे फक्त पायवाट.

तपासा: मागे वळून बघा. बंदरापलीकडे आयर्लंड्स आय हे बेट दिसलं पाहिजे. बुटांच्या नाड्या इथेच पुन्हा बांधा, जाकिटाची चेन लावा, मुलांचे हात धरा, कुत्रा असेल तर पट्टा लावा. पुढचा पाऊण तास यातलं काही करायला रुंद जागा मिळेलच असं नाही.

## टप्पा ३: कडा

इथून नोज ऑफ होथ नावाच्या टोकाला वळसा घालून वाट दक्षिणेकडे जाते. अडीच किलोमीटरच्या आसपास, पाऊण ते एक तास. सगळं सौंदर्य इथेच आहे, आणि पाय घसरण्याची खरी जागाही हीच. एप्रिल ते जुलै या काळात खालच्या खडकांवर किटिवेक, गिलेमॉट, रेझरबिल या पक्ष्यांची दाटी असते. त्यांचा गलका ऐकला की प्रत्येकजण कडेशी जाऊन खाली वाकतो.

वाकू नका. कड्याचा काठ वरून गवतानं सलग दिसतो, पण खालची माती पावसानं आणि लाटांनी पोखरलेली असू शकते. पक्षी बघायला वाटेच्या पुढच्या वळणावरून मागे बघा. तिथून कड्याचं तोंडच समोर येतं आणि पक्षी जास्त चांगले दिसतात. दुर्बीण असेल तर हीच युक्ती आणखी कामाची.

चालायची शिस्त साधी आहे. एकामागे एक. समोरून कोणी आलं तर डोंगराच्या बाजूला थांबून त्यांना जाऊ द्या. सभ्यपणा म्हणून समुद्राच्या बाजूला सरकू नका. आपल्याकडे पाहुण्याला आतली जागा द्यायची सवय असते, ती इथे विसरा. फोटो काढायचा तर आधी थांबा, मग फोन काढा. चालता चालता नाही, आणि समुद्राकडे पाठ करून मागे सरकत तर कधीच नाही. कानात इअरफोन नको, कारण मागून पळणारे येतात.

मुख्य वाटेला बारीक वाटा फुटत राहतात. खाली उतरणाऱ्या वाटा मासे पकडणाऱ्यांच्या आणि शेळ्यांच्या. त्या पायाखालून अचानक संपतात. बाण नसलेल्या वाटेनं खाली जायचं नाही, एवढं पक्कं धरा. वर जाणाऱ्या वाटा बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात, पण त्या रंग चुकवतात. (शेळ्यांचं म्हणाल, तर गॉर्स चरून वणव्याचा धोका कमी व्हावा म्हणून २०२१ मध्ये जुन्या आयरिश जातीच्या शेळ्यांचा कळप होथवर मुद्दाम आणला गेला. दिसल्या तर दुरून बघा. कुत्र्याला पट्टा लावण्याचं हे आणखी एक कारण.)

वाटेचा एखादा भाग ढासळला असेल तर फिंगल काउंटी कौन्सिल या स्थानिक प्रशासनाच्या सूचनेची पाटी आणि अडसर दिसेल. अडसरावरून उडी मारून जाणारे चारजण दिसतात म्हणून मागे जाऊ नका. वळसा दाखवला असेल तो घ्या, नसेल तर परत फिरा.

तपासा: समुद्र डाव्या हाताला आहे ना? या संपूर्ण टप्प्यात तो डावीकडेच असला पाहिजे.

तपासा: दहा मिनिटांत एकही बाण दिसला नाही तर पुढे जाऊ नका. शेवटचा बाण दिसला होता तिथवर मागे या. दहा मिनिटं मागे यायला जीवावर येतं, मलाही येतं. पण 'पुढे कुठेतरी वाट मिळेल' म्हणत गॉर्समध्ये शिरलेल्यांचे ओरखडलेले हात मी पाहिले आहेत.

सावधान: कोणी पडलं, अडकलं, किंवा कुत्रा कड्याखाली गेला, तर त्याच्यामागे उतरू नका. ११२ किंवा ९९९ ला फोन करून कोस्ट गार्ड मागा. नुसतं 'पोलीस' किंवा 'रुग्णवाहिका' म्हणालात तर वेळ जातो, कारण कड्यावरच्या बचावाचं काम कोस्ट गार्डचं आहे. फोनवरच्या नकाशातून आपले अक्षांश-रेखांश वाचून दाखवा. शेवटचं ओलांडलेलं ठिकाण सांगा, उदाहरणार्थ "किलरॉकहून वीस मिनिटं पुढे". आणि कोणीतरी वाटेवर दिसेल असं उभं राहा.

## टप्पा ४: फाटा

पुढे खाली सुळक्यावर बेली दीपगृह दिसायला लागलं की वेग कमी करा. हीच ती जागा. हिरवा, निळा आणि लाल हे तिन्ही बाण उजवीकडे, चढावर, समिटच्या पार्किंगकडे वळतात. जांभळा एकटा सरळ पुढे जातो.

इथे चूक का होते ते मला स्वतः चुकल्यावर कळलं. पहिल्या वेळी मी जांभळ्यासाठीच आले होते. पण तासभर चारही रंग एकाच खांबावर बघून डोळ्यांना 'बाण आहे' एवढंच दिसत होतं, 'कोणता बाण' हे नाही. समोरचे सगळे लोक उजवीकडे चढत होते, मीही चढले. पार्किंग दिसल्यावर लक्षात आलं. बहुतेक लोक लहान फेऱ्यांचे असल्यामुळे गर्दी नेहमी उजवीकडेच जाते. गर्दी तुमचा रंग सांगत नाही. आणि ज्यांनी हिरवा ठरवलाय त्यांचं उलटं होतं: दीपगृह सुंदर दिसतं, पाय आपोआप त्याच्याकडे सरळ जातात, आणि सहा किलोमीटरची फेरी बारा किलोमीटरची होते.

म्हणून या खांबापाशी पूर्ण थांबा. पाणी प्या. घड्याळ बघा. जांभळ्यावर जायचं असेल तर पुढे साधारण ७ किलोमीटर बाकी आहेत. थांबे धरून अडीच तास. त्यावरून हिशेब सोपा आहे: इथे पोहोचल्यापासून सूर्यास्ताला अडीच तासांपेक्षा कमी उरले असतील तर जांभळा सोडा. डिसेंबरमध्ये याचा अर्थ दुपारी दीड. दीड वाजून गेला असेल तर उजवीकडे वळा. यात कमीपणा काही नाही, कडा तुमचा चालून झालाच आहे.

आणखी एक बघायचं: गटात कोणाला पाय घासून फोड आलाय का, कोणी गप्प झालंय का. नेहमी बोलणारा माणूस गप्प झाला की तो थकलेला असतो. त्याला विचारा.

## टप्पा ५: समिटहून परत

हिरव्यावाल्यांनो, पार्किंगच्या बाजूनं हिरवा बाण शोधा आणि वरच्या वाटेनं परत गावाकडे या. निळा जुन्या ट्रॅमच्या मार्गानं उतरतो, पाय सगळ्यात कमी दुखतात ते याच वाटेनं. लाल मात्र आणखी चढतो आणि ब्लॅक लिनला जांभळ्याला मिळतो, त्यामुळे लालवाल्यांनी थेट टप्पा ७ मधला उतरणीचा भाग वाचावा.

कोणाला पुढे चालवत नसेल तर समिटहून एच-३ बस शहरात जाते. लीप कार्ड जवळ हवं.

## टप्पा ६: फक्त जांभळा, बेली ते रेड रॉक

फाट्यानंतर थोड्याच वेळात दीपगृहाकडे उतरणारा रस्ता आडवा येतो. तो ओलांडायचा, त्यावरून खाली जायचं नाही. दीपगृहाचा परिसर लोकांसाठी खुला नाही. फाटकापर्यंत उतरून पुन्हा तेवढंच चढून येणारे दर वेळी दिसतात.

पलीकडे गर्दी एकदम ओसरते. डावीकडे डब्लिनचा उपसागर, समोर पूलबेगची दोन उंच धुराडी, त्यामागे विक्लोचे डोंगर. उजवीकडे घरांची कुंपणं. वाट काही ठिकाणी झाडीतून अगदी चिंचोळी होते आणि मधूनच खडबडीत पायऱ्यांनी खाली-वर जाते. मला स्वतःला सगळ्या द्वीपकल्पातला हा भाग सर्वाधिक आवडतो, कारण तो शांत आहे आणि दुपारचं ऊन इथे पाण्यावर पसरतं. पण समोरून नैर्ऋत्येचा वारा असेल तर जाकीट आताच घाला. घाम आलेला असताना वारा लागला की थंडी हाडात शिरते.

कुंपणातल्या फाटकांतून आत जाणाऱ्या पाऊलवाटा खासगी आहेत. बाण त्यांच्याकडे कधीच वळत नाही.

समोर मार्टेलो बुरूज, म्हणजे जुना गोल दगडी बुरूज, दिसला की रेड रॉक आलं. इथे दुसरी मोठी चूक होते. तासभर 'समुद्र डावीकडे ठेवा' हा नियम पाळल्यामुळे लोक तो पुढेही पाळतात आणि किनाऱ्यानं सटनकडे निघतात. जांभळा मात्र इथे समुद्र सोडून उजवीकडे, आत वळतो.

तपासा: बुरूज दिसल्यानंतर प्रत्येक खांबाशी थांबा. उजवीकडचा जांभळा बाण सापडेपर्यंत गप्पा बंद.

मात्र कोणी खरोखर थकलं असेल, तर हीच चूक मुद्दाम करता येते. सटनच्या दिशेनं रस्त्यानं चालत गेलात तर सटनचं डार्ट स्टेशन गाठता येतं, आणि चढ वाचतो. पाण्याच्या कडेकडेनं खडकांवरून मात्र जाऊ नका. भरती चढत असेल तर परतीची जागा बुडते.

## टप्पा ७: फक्त जांभळा, आतला डोंगर

रेड रॉकहून वर चढून कॅरिकब्रॅक रोड ओलांडायचा. गाड्या वेगात असतात आणि वळणामुळे उशिरा दिसतात, म्हणून गटानं एकदम ओलांडा.

आता समुद्राचा आधार नाही, आणि वाटा बऱ्याच. शेलमार्टिन टेकडीच्या कुशीतून हेदर (जांभळ्या फुलांची बुटकी झुडपं) आणि गॉर्सच्या रानात चढत जायचं. बॉग म्हणजे पाणथळ, नावातच सांगितलंय: पावसानंतर इथे घोट्यापर्यंत चिखल असतो. कडेच्या कोरड्या झुडपांवरून वळसा घेऊ नका, सरळ चिखलातून जा. प्रत्येकानं वळसा घेतला की वाट दर वर्षी रुंदावते आणि हेदर मरतं. बूट धुता येतात. ऑगस्टमध्ये हेच रान जांभळं होतं, त्या महिन्यात शक्य असेल तर नक्की या.

कोरड्या उन्हाळ्यात हेच रान पेटतं. गॉर्समध्ये तेल असतं, ओली दिसली तरी ती भडकते, आणि खालची पीट माती (कुजलेल्या वनस्पतींची, जळणारी माती) दिवसेंदिवस धुमसत राहते. सिगारेट नाही, शेगडी नाही, काचेची बाटली टाकणं नाही. धूर दिसला तर वाऱ्याच्या उलट्या दिशेनं दूर व्हा आणि ११२ ला कळवा.

वाट गोल्फच्या मैदानावरून जाते. खेळणारा चेंडू मारायच्या तयारीत असेल तर थांबा, त्याचा फटका होऊ द्या, मग न रेंगाळता पलीकडे जा.

सर्वोच्च बिंदू ब्लॅक लिन, १७१ मीटर. आकडा लहान वाटेल, पण नऊ-दहा किलोमीटर चालून आल्यावर तो लहान राहत नाही. इथे बसा, उरलेला खाऊ संपवा. ढग खाली आले असतील तर मात्र बसू नका. एका खांबाहून दुसरा दिसत असेल तरच पुढे चला, नाहीतर गटातला एकजण खांबाशी उभा राहू दे आणि दुसरा पुढचा खांब हाकेच्या अंतरात शोधून येऊ दे.

तपासा: उतरताना समोर आयर्लंड्स आय आणि बंदर दिसलं पाहिजे. पाठीमागे डब्लिनचा उपसागर. उलटं दिसत असेल तर तुम्ही मागे फिरला आहात.

ब्लॅक लिनपासून लाल आणि जांभळा एकत्र उतरतात. थकलेले गुडघे उतरणीवर दगा देतात, म्हणून पावलं लहान टाका. वस्तीत शिरल्यावरही खांबांकडे लक्ष ठेवा. घरं दिसली की लोक बाण सोडून रस्ता धरतात आणि विनाकारण एक किलोमीटर जास्त चालतात.

## टप्पा ८: स्टेशन, आणि घरी गेल्यावर

गाडीत चढण्याआधी लीप कार्ड टॅप करा, शहरात उतरल्यावर पुन्हा टॅप करा. दमलेल्या अवस्थेत हे दुसरं टॅप विसरतं.

घरी पोहोचल्यावर आंघोळीआधी गोचीड तपासा. हेदर आणि नेच्यांच्या रानातून गेलात की ती लागू शकते, आकारानं तिळाएवढी किंवा त्याहून लहान. गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली आणि मुलांच्या बाबतीत केसांच्या कडेला, कानामागे बघा. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्यानं अगदी त्वचेलगत धरा आणि न पिळता हळूहळू सरळ वर ओढा. तेल लावणं, काडी पेटवून चटका देणं हे उपाय करू नका. त्यानं ती आपल्या पोटातलं द्रव्य जखमेत सोडते. जागा साबणानं धुवा आणि तारीख लिहून ठेवा. पुढचा महिनाभर त्या जागी पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं किंवा तापासारखं वाटलं, तर जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) जा आणि होथला कोणत्या तारखेला गेला होतात तेही सांगा.